स्लाइम एकदा रबर होतो, एकदा चिकटच राहतो, आणि घरात सगळं तोंडात घालणारं लहान मूल आहे: काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. पहिल्यांदा स्लाइमचा, म्हणजे खेळायच्या ताणल्या जाणाऱ्या लिबलिबीत गोळ्याचा, व्हिडिओ बघून ग्लूमध्ये कपड्यांचं लिक्विड डिटर्जंट घातलं तर रबरासारखा तुटका गोळा झाला. दुसऱ्यांदा ‘बोरॅक्स-फ्री’ (टाकणखार न वापरणारी) रेसिपी म्हणून ग्लू आणि कॉन्टॅक्ट लेन्सचं सोल्यूशन घेतलं, चमच्यावर चमचे ओतले तरी हाताला चिकटतच राहिला. त्यात कुणीतरी सांगितलं की बोरॅक्स विषारी असतो, आणि धाकटा तर हातात येईल ते तोंडात घालतो. दोन्ही गोळे डब्यात घालून कपाटात ठेवलेत, मुलगी रोज विचारते की परत कधी करायचा.

मी बरीच वर्षं मुलांच्या विज्ञानाच्या कार्यशाळा घेते आणि स्लाइमची मागणी कधी संपत नाही, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात माझ्याकडे येतच असतो. मला वाटतं तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारलेत आणि ते वेगळे केले की निम्मा गोंधळ जातो. एक, स्लाइम का बिघडतो. याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे: ॲक्टिव्हेटर, म्हणजे ग्लूचा गोळा बनवणारा पदार्थ, चुकीचा असतो, नाहीतर बरोबर असतो पण घाईने घातला जातो. दोन, कुठल्या मुलाला कुठला स्लाइम द्यायचा. हे मात्र मुलावर अवलंबून आहे, त्याचं वय, त्याची त्वचा, तोंडात हात घालायची सवय, आणि तुम्ही तो सगळा वेळ शेजारी बसू शकता का. त्यामुळे सरसकट ‘हा सेफ, हा अनसेफ’ असं मी सांगणार नाही, पण तुमच्या दोन मुलांसाठी मी काय केलं असतं ते नक्की सांगते.

आधी आत काय होतं ते बघू, कारण ते कळलं की रेसिपी पाठ करावी लागत नाही. पांढऱ्या शाळेच्या ग्लूमध्ये पॉलिव्हिनाइल ॲसिटेट असतं आणि त्याच्यासोबत पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पारदर्शक ग्लूमध्ये मुख्यतः पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच. दोन्हीत खूप लांब रेणू पाण्यात सुटे तरंगत असतात, एकमेकांवरून घसरतात, म्हणून ग्लू ओतता येतो. आता त्यात बोरेट आयन (बोरॅक्समधल्या बोरॉन या मूलद्रव्याचे विद्युतभारित कण) आले की ते या लांब रेणूंना मधे मधे जोडतात. सुट्या दोऱ्यांच्या गुंत्यात जागोजागी सैल गाठी माराव्यात तसं. पण महत्त्वाचं हे की या गाठी कायमच्या नसतात, सतत सुटतात आणि परत बसतात. म्हणून स्लाइम हळू ओढला तर गाठींना सुटून परत बसायला वेळ मिळतो आणि तो लांबच लांब ताणला जातो, झटक्यात ओढला तर वेळ मिळत नाही आणि तो कट्‌कन तुटतो. मुलांना मी हे शब्दांत सांगायच्या आधी हातात देऊन करायला लावते, दोन्ही प्रकारे ओढून बघितलं की पुढचं ती स्वतःच विचारतात.

यातून दोन गोष्टी निघतात. गाठी कमी तर चिकट, गाठी जास्त तर रबर. म्हणजे तुमचे दोन्ही गोळे एकाच मोजपट्टीच्या दोन टोकांना आहेत. आणि दुसरी गोष्ट, गाठी बसायला वेळ आणि मळणं दोन्ही लागतं. ॲक्टिव्हेटर घातल्या घातल्या स्लाइम चिकटच असणार, तिथेच लोक घाबरून आणखी घालतात, आणि पाच मिनिटांनी तोच गोळा दगडासारखा होतो.

आता ‘बोरॅक्स-फ्री’बद्दल, कारण इथे पालकांची खरी दिशाभूल होते. लेन्स सोल्यूशनने स्लाइम होतो तो का होतो, तर त्यात बोरिक ॲसिड आणि सोडियम बोरेट असतं म्हणून. सोडियम बोरेट म्हणजे बोरॅक्सच, टाकणखार. म्हणजे ती रेसिपी बोरॅक्सची पावडर न वापरणारी आहे, बोरॉन नसलेली नाही. प्रमाण कमी असतं, विरघळवलेलं असतं, पावडर उडत नाही, हे फायदे खरे आहेत आणि म्हणूनच मीसुद्धा घरी करायचा असेल तर हीच पद्धत सांगते. पण ‘यात केमिकल नाही’ असं समजून चार वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नका. रेडी मिळणारे ॲक्टिव्हेटर आणि इस्त्रीची लिक्विड स्टार्चसुद्धा बहुतेक वेळा याच कारणाने काम करतात.

तुमचा दुसरा गोळा चिकट का राहिला याची कारणं मला तीन दिसतात. पहिलं, तुमच्या सोल्यूशनमध्ये बोरेट नसेलच. सगळ्या लेन्स सोल्यूशनमध्ये नसतं, काहींमध्ये फॉस्फेट किंवा सायट्रेट असतं, त्याने बादलीभर ओतलं तरी स्लाइम होणार नाही, ग्लू फक्त पातळ होत जाईल. बाटली फिरवून मागचं लेबल वाचा, ‘बोरिक ॲसिड’ आणि ‘सोडियम बोरेट’ ही दोन्ही नावं दिसायला हवीत. आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवालं लेन्स सोल्यूशन असेल तर ते या कामाला अजिबात घेऊ नका, ते मुलांच्या डोळ्यात गेलं तर त्रास होतो. दुसरं कारण, तुम्ही खाण्याचा सोडा घातल्याचं लिहिलेलं नाही. बोरिक ॲसिड असं एकटं ग्लूला नीट जोडत नाही, माध्यम थोडं अल्कधर्मी झालं की त्याचा बोरेट आयन तयार होतो आणि तो जोडतो. बोरॅक्सच्या पाण्याचा पीएच मुळातच ९.२ च्या आसपास असतो म्हणून त्याला सोडा लागत नाही, लेन्स सोल्यूशन डोळ्यासाठी असल्यामुळे जवळपास न्यूट्रल ठेवलेलं असतं म्हणून त्याला लागतो. खाण्याचाच सोडा हं, धुण्याचा सोडा नाही, तो फार तीव्र असतो आणि मुलांच्या हातासाठी नाही. तिसरं कारण ग्लू. बाटलीवर पीव्हीए (वर सांगितलेल्या पॉलिव्हिनाइलचं छोटं नाव) लिहिलेलं हवं. ग्लू स्टिक चालत नाही, आणि चटकन चिकटणारा सुपरग्लू तर या टेबलाच्या जवळपासही नको. लाकडाचा पांढरा ग्लूही पीव्हीएचाच असतो, त्याने स्लाइम होतो पण जाड आणि लवकर कडक होणारा, मुलांसाठी शाळेचा साधा ग्लू बरा.

बोरॅक्स विषारी आहे का? पोटात जास्त गेला तर हो, त्यात संदिग्धता नाही. युरोपियन युनियनमध्ये बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड दोन्ही ‘प्रजननासाठी घातक’ या वर्गात टाकलेले आहेत, आधार मुख्यतः प्राण्यांना मोठे डोस देऊन केलेल्या अभ्यासांचा आहे. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१६ साली लोकांना घरगुती क्राफ्टमध्ये, स्लाइम धरून, बोरिक ॲसिड न वापरण्याचा सल्ला दिला होता. आणि युरोपच्या खेळण्यांच्या नियमात चिकट किंवा द्रव खेळण्यातून चाचणीत किती बोरॉन बाहेर येऊ शकतं याची मर्यादा किलोमागे ३०० मिलिग्रॅम आहे. आता घरच्या बोरॅक्सवाल्या रेसिपीचा ढोबळ हिशोब बघा. एक छोटा चमचा बोरॅक्स म्हणजे साधारण ४ ग्रॅम, त्यात बोरॉन जेमतेम ११ टक्के, म्हणजे ०.४५ ग्रॅमच्या आसपास, ते एक कप पाण्यात. त्यातलं अर्धा कप पाणी तुम्ही अर्धा कप ग्लू आणि अर्धा कप पाण्यात घातलं तर किलोमागे ६०० मिलिग्रॅमच्या वर बोरॉन झालं. ही तुलना अगदी समान नाही, कारण नियम बाहेर येणाऱ्या बोरॉनबद्दल आहे आणि मी एकूण मोजलं, पण नेहमीच्या चमच्यांच्या मापात आपण कुठे जाऊन पोचतो ते कळायला पुरे आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अखंड त्वचेतून बोरॉन फार कमी शोषलं जातं. धोका मुख्यतः पोटात जाण्याचा, जखमेतून किंवा सोललेल्या त्वचेतून जाण्याचा, आणि पावडर डोळ्यात नाकात जाण्याचा. म्हणजे आठ वर्षांची मुलगी, हात धडधाकट, वीस मिनिटं खेळली, साबणाने हात धुतले, यात मला काळजी वाटत नाही. चार वर्षांचा मुलगा ज्याचा अंगठा तोंडात असतो, त्याला तोच गोळा द्यायला मी तयार नाही, कितीही कमी प्रमाण असलं तरी. आणि बोरॅक्सची सुटी पावडर मी माझ्या कार्यशाळेत मुलांसमोर आणतच नाही, तुम्हीही आणू नका, त्याची गरज नाही.

डिटर्जंटवाल्या स्लाइमबद्दल मात्र माझं मत कडक आहे: करू नका. तो जमतो कारण काही लिक्विड डिटर्जंटमध्ये एन्झाइम टिकवायला बोरेट घातलेलं असतं, पण किती ते बाटलीवर सहसा नसतं, त्यामुळे माप जमत नाही आणि तुमच्यासारखा रबर होतो. शिवाय त्याच्यासोबत सर्फॅक्टंट (मळ काढणारी साबणासारखी रसायनं), सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह असं सगळं येतं जे कपड्यावरून धुऊन जावं अशा हिशोबाने केलेलं असतं, अर्धा तास तळहातात मळत बसायच्या नाही. आणि त्या कपडे धुण्याच्या मऊ कॅप्सूल मिळतात त्या तर स्लाइमसाठी फोडायच्याच नाहीत, फार कॉन्सन्ट्रेटेड असतात. तसंच शाम्पू आणि मीठ, टूथपेस्ट आणि मीठ वगैरे व्हिडिओ फिरतात, त्यात मिठाने शाम्पू घट्ट होतो एवढं खरं आहे, पण जोडणी काहीच होत नाही, त्यामुळे तो ताणला जाणारा स्लाइम कधी बनत नाही आणि मुलं हिरमुसतात.

आता मुलीसाठीची कृती. अर्धा कप, म्हणजे १२० मिली पांढरा पीव्हीए ग्लू. पहिल्या वेळी पारदर्शक ग्लू घेऊ नका, तो जास्त नखरे करतो आणि बुडबुड्यांनी ढगाळ दिसतो, एक-दोन दिवस झाकून ठेवल्यावर स्वच्छ होतो आणि तेवढा धीर मुलांना नसतो. ग्लूमध्ये रंगाचे दोन-तीन थेंब, रंग आत्ताच घालायचा, नंतर घातला तर हात रंगतात. मग अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, तो पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचा, तळाशी कणकण राहिली तर पुढे गोळ्यात खडबडीत लागते. आता लेन्स सोल्यूशन एका वाटीत वेगळं काढून ठेवा, एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, आणि बाटली झाकण लावून वर ठेवून द्या. हे मी मुद्दाम सांगते, बाटली हाताशी असली की हात जातोच.

त्या वाटीतलं एक छोटा चमचा सोल्यूशन ग्लूत घाला आणि अर्धा मिनिट ढवळा. काहीच झालं नाही असं वाटेल. दुसरा चमचा, परत अर्धा मिनिट. साधारण इथे चमच्याभोवती दोरे दिसायला लागतात, ग्लू भांड्याच्या कडेपासून ओढला जातो, चमचा उचलला की जाडसर पडदा लोंबतो आणि त्याच्या खालच्या टोकाला ओला थेंब असतो. तो थेंब म्हणजे अजून न जोडला गेलेला ग्लू. मुलीला तो थेंब बघायला सांगा, ढवळत राहिलं की तो आत ओढला जातो आणि पडदा कोरडा चमकदार होतो. तिसरा चमचा घाला, आता गोळा होईल, भांडं बऱ्यापैकी स्वच्छ सुटेल, पण गोळा बोटाला चिकटेल. इथे थांबायचं. तळहातावर सोल्यूशनचे दोन थेंब चोळायचे, गोळा बाहेर काढायचा आणि चार-पाच मिनिटं नुसता मळायचा, ओढायचा, घडी घालायची, परत ओढायचा. पहिलं मिनिट हात बरबटतात, मुलं ‘ईऽऽ’ करतात आणि आई-बाबा बाटलीकडे बघतात, तेव्हाच हात आवरायचा. मळता मळता बोटांना लागलेला ग्लू गोळाच परत ओढून घेतो. पाच मिनिटांनी कोरडं बोट टेकवून उचला, बोट स्वच्छ निघालं तर झालं, लांब दोरा आला तर दोन-चार थेंब आणि परत मळणं. चमचा नाही, थेंब.

ग्लूचा ब्रँड बदलला की माप थोडं हलतं, कुणाला दोन चमचे पुरतात, कुणाला दीड मोठा चमचा लागतो, म्हणून मी चमच्यांच्या आकड्यापेक्षा त्या खुणांवर जास्त भर देते.

तरी बिघडला तर? चिकट असेल तर आधी नुसता दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मळा, निम्मे गोळे इथेच सुधारतात. थंडीत स्लाइम कडक वाटतो आणि गरम हातात सैल होतो, त्यामुळे खूप वेळ खेळून पातळ झालेला गोळा थोडा वेळ गार जागी ठेवला तरी सावरतो, लगेच ॲक्टिव्हेटर नको. रबर झाला असेल तर कोमट पाण्यात काही सेकंद बुडवून मळायचा, पाणी आत गेलं की सैल होतो. त्याने नाही झालं तर वेगळ्या वाटीत थोडा साधा ग्लू घेऊन तो गोळ्यात मळायचा, जास्तीच्या गाठी वाटून घ्यायला नवे रेणू मिळतात. हँड लोशनचा थेंब पण चालतो पण त्याने गोळा नंतर लवकर चिकट होतो असा माझा अनुभव आहे. व्हिनेगरचे थेंब घातले तर स्लाइम चक्क वितळतो, कारण ॲसिडने बोरेटच्या गाठी सुटतात. दुरुस्तीसाठी हा उपाय फार जोरकस आहे, पण साफसफाईसाठी तोच लागणार आहे, त्याकडे येते.

आता धाकटा. त्याच्यासाठी मी दोन गोष्टी सुचवेन आणि दोन्हीत बोरॉन नाही, ग्लू नाही.

पहिली, इसबगोल. इसबगोलाची भुकटी (तूस असेल तर मिक्सरमधून काढून) एक छोटा चमचा, एक कप पाणी, रंगाचा थेंब. नीट ढवळून मोठ्या उंच भांड्यात गॅसवर मंद आचेवर ढवळत राहायचं, ते उकळून फुगतं म्हणून भांडं मोठं. घट्ट होऊन चमच्याला लोंबायला लागलं की बंद. जितकं जास्त शिजवाल तितकं घट्ट. हे काम पूर्णपणे मोठ्या माणसाचं, आणि हे जेल आतून बराच वेळ गरम राहतं, वरून गार लागलं तरी मधे बोट घालून बघितल्याशिवाय देऊ नका. जे होतं ते थरथरणारं, लिबलिबीत, ओढलं तर थोडं ताणलं जाणारं, ग्लूच्या स्लाइमइतकं लांब जात नाही पण चार वर्षांच्या मुलाला त्याचं काही वाटत नाही. सुकं इसबगोल मात्र मुलाच्या हाताला लागू देऊ नका, घशात फुगू शकतं, आणि भुकटी नाकात गेली तर काहींना ॲलर्जी होते. तयार स्लाइम चाटला तर घाबरायचं कारण नाही, पण तो खाऊ म्हणूनही द्यायचा नाही, गोळा घशात अडकू शकतो. त्यातून मुलाला ‘हा खायचा, ताईचा नाही खायचा’ असा फरक शिकवत बसण्यापेक्षा ‘स्लाइम खायचाच नसतो’ हा एकच नियम सोपा.

दुसरी, कॉर्नफ्लोअर आणि पाणी. दोन कप कॉर्नफ्लोअरला साधारण एक कप पाणी, पाणी हळूहळू घालायचं, रंग आधी पाण्यात. याचं वागणं स्लाइमच्या वेगळंच आहे: मुठीत दाबलं की घट्ट कोरडा गोळा, मूठ उघडली की बोटांमधून ओघळतं. जोरात मारलं की कण एकमेकांना घट्ट भिडतात, हळू केलं की मधलं पाणी त्यांना सरकू देतं. मोठ्या परातीत घेऊन बसवलं तर दोघंही तासभर रमतात आणि धुवायला साधं पाणी पुरतं. फक्त सिंकमध्ये ओतू नका, तळाशी बसून पाइप तुंबतो, सुकू द्यायचं आणि कचऱ्यात टाकायचं.

दोघांना एकत्र कसं बसवायचं हा तुमचा न विचारलेला प्रश्न आहे पण घरात तोच जास्त छळतो. ताईच्या हातात खरा स्लाइम आणि शेजारी बसलेल्या भावाच्या हातात दुसरं काहीतरी, हे दोन मिनिटंही टिकणार नाही, तो तिचाच ओढणार. म्हणून मी असे दोन कार्यक्रमच वेगळे करते. कॉर्नफ्लोअर दोघांनी मिळून, पूर्ण पसारा घालून. आणि ग्लूचा स्लाइम तो झोपलेला किंवा बाहेर असेल तेव्हा फक्त मुलीने, आणि तिच्या हातात मोजायचं काम पूर्ण सोपवून. तिचा डबा मग उंचावर, आणि खाऊच्या डब्यासारखा दिसणारा डबा नको, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून. मणी, थर्माकोलच्या गोळ्या, चमकी हे सध्या वगळा, लहान भाऊ असलेल्या घरात त्या गोळ्या फरशीवर सापडतात आणि मग तोंडात.

आठ वर्षांच्या मुलीसाठी तर मी पुढे जाऊन तीन छोट्या वाट्या करायला सांगेन. प्रत्येकीत दोन मोठे चमचे ग्लू आणि चिमूटभर सोडा, मग एकीत अर्धा छोटा चमचा सोल्यूशन, दुसरीत पाऊण, तिसरीत दीड. सगळ्या तेवढाच वेळ ढवळायच्या, तेवढाच वेळ मळायच्या, मग टेबलाच्या कडेवरून तिन्ही गोळे लोंबत सोडायचे आणि कुठला किती वेळात किती खाली येतो ते वहीत लिहायचं. एक गोळा फ्रीजमध्ये ठेवून परत. तिला आपोआप कळतं की तुमचा पहिला गोळा का तुटत होता, आणि पुढच्या वेळी ती स्वतःच ‘आई आता थांब’ म्हणते. स्लाइम काही आजचा नाही, मॅटेल कंपनीने १९७६ साली डब्यातला हिरवा स्लाइम विकायला काढला तोही ग्वार गम आणि बोरॅक्सचा होता, जोडणारा तोच, दोरे वेगळे. मोठ्या मुलांना हे सांगितलं की त्यांना आपण केलेलं ‘खरं’ वाटायला लागतं, आणि ते आहेच खरं.

शेव्हिंग फोम घालून फुगलेला स्लाइम करतात तो दिसायला छान, पण फोममधला सुगंध आणि साबण नाजूक त्वचेला नको, आणि त्यातली हवा एक-दोन दिवसांत निघून जाते. मुलीची त्वचा ठणठणीत असेल तर कधीतरी खिडकी उघडी ठेवून करा.

त्वचेबद्दल एक गोष्ट जी लोकांना माहीत नसते: पुरळ उठली की सगळे बोरॅक्सला दोष देतात, पण ग्लू, फोम, डिटर्जंट यांच्यात मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारखी प्रिझर्व्हेटिव्ह असू शकतात आणि स्लाइममुळे हातावर ॲलर्जिक एक्झिमा झालेल्या मुलांच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. म्हणजे बोरॉन नसलेला पण ग्लूचा स्लाइमही काही मुलांना सोसत नाही. बोटांची टोकं लाल झाली, सोलली, खाज आली तर स्लाइम बंद, आणि चार-आठ दिवसांत उतरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवताना ‘स्लाइम खेळते’ हे आवर्जून सांगा. आधीपासून एक्झिमा असेल, हातावर कापलेलं, सोललेलं असेल तर खेळायचंच नाही. डोळ्यात गेला तर न चोळता वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. धाकट्याने ताईचा गोळा नुसता चाटला तर तोंड धुवून पाणी द्या, पण तुकडा गिळला असेल किंवा उलटी, पोटदुखी काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा आणि त्यात काय काय होतं ते सांगा, म्हणून ग्लू आणि सोल्यूशनच्या बाटल्या स्लाइम असेपर्यंत फेकू नका.

साफसफाई: कपड्यावर पडला की आधी जाड भाग चमच्याने खरवडा, मग पांढरं व्हिनेगर ओता, पाच मिनिटं थांबा, बोथट ब्रशने घासा, तो पाणी पाणी होऊन निघतो, मग नेहमीसारखं धुवा. गरम पाणी किंवा इस्त्री डाग जाईपर्यंत नको. सतरंजी, सोफ्यावर हेच, फक्त आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघून. केसांत अडकला तर डोळ्यांमुळे व्हिनेगर टाळा, भरपूर तेल किंवा कंडिशनर लावून रुंद दातांच्या फणीने हळूहळू ओढून काढा. नालीत, सिंकमध्ये स्लाइम टाकायचा नाही.

हवाबंद डब्यात ग्लूचा स्लाइम एक-दोन आठवडे चांगला राहतो. खेळायच्या आधी आणि नंतर हात धुतले तर जास्त, कारण तो हाताचा मळ आणि जंतू सगळं ओढून घेतो. वर्गात चार मुलं एकच गोळा फिरवतात ते मला पटत नाही, प्रत्येकाचा वेगळा असावा. वास बदलला, ठिपके दिसले, पाणी सुटलं की विचार न करता टाकायचा. इसबगोलाचा तर फ्रीजमध्ये ठेवला तरी दोन-तीन दिवसांच्या पुढे नको.

राहिले तुमच्या कपाटातले दोन गोळे. डिटर्जंटवाला आज कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, तो वाचवायच्या फंदात पडू नका. चिकट गोळ्याचं भविष्य बाटलीच्या लेबलवर आहे. त्यावर बोरिक ॲसिड आणि सोडियम बोरेट दोन्ही असेल तर गोळा वाटीत घ्या, पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा एक चमचा कोमट पाण्यात विरघळवून त्यात मळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. तुम्ही सोल्यूशन आधीच भरपूर ओतलंय, त्यामुळे नवीन एक थेंबही न घालता तो सुधारायची चांगली शक्यता आहे, उलट घट्ट जास्त होतोय असं वाटलं तर थोडा ग्लू मिसळा. त्यातलं बोरॉन माहीत नसलेल्या प्रमाणात आहे, म्हणून तो फक्त मुलीसाठी आणि एखाद-दोन वेळा खेळून टाकून द्यायला. लेबलवर ती नावं नसतील तर तोही कचऱ्यात, आणि नवीन बाटली घेताना दुकानातच मागची बाजू वाचून घ्या.